राजमहेंद्रीची झरणी

पुण्याहून राजमहेंद्रीस जावयाचे, आणि तेही केवळ एक झरणी घेण्यासाठी, हे कळले तेव्हा आमच्या घरात जो हशा पिकला तो मी मुकाट्याने ऐकून घेतला. पुतण्या म्हणाला, "काका, हल्ली झरणी घरबसल्या मागविता येते. तिकडून पेटीत घालून पाठवितात." सूनबाईंनी तर माझ्या टेबलाचा खण उघडून त्यातील एकवीस झरण्या सर्वांसमक्ष मोजून दाखविल्या आणि बाविसावीची जागा कोठे करावयाची, असा साधा प्रश्न विचारला. त्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. 'झरणी' हा शब्दही आता आमच्या घरात मीच तेवढा वापरतो. मुले 'फाउंटन पेन' म्हणतात आणि त्यांची मुले नुसते 'पेन'. परंतु ज्या कोणी हा शब्द प्रथम योजिला त्याला त्या वस्तूचे मर्म कळले होते ह्यात शंका नाही. बोरू दौतीत बुडवावा लागतो, टाक बुडवावा लागतो. ही मात्र आपल्याच पोटातून झरते.

तिचे झरणे हीदेखील मोठी नाजूक गोष्ट आहे. निबेच्या मधोमध केसाएवढी फट असते. तिच्याखाली काळ्या एबोनाइटची जीभ असते आणि त्या जिभेत बारीक पन्हळी कोरलेल्या असतात. कंदिलाच्या वातीत तेल चढते त्याच न्यायाने शाई ह्या पन्हळींतून टोकाशी येते, व जितकी शाई खाली उतरेल तितकीच हवा वर पोटात जाते. हवेला वाट मिळाली नाही तर शाई अडते आणि जास्त मिळाली तर डाग पडतो. वॉटरमन नावाच्या अमेरिकन गृहस्थाने 1884 साली अशा जिभेचे पेटंट घेतले, तेव्हापासून झरणी विश्वासाने खिशात ठेवता येऊ लागली. बॉलपेन कागदावर दाबावे लागते. झरणी नुसती टेकवावी लागते. ज्याला रोज चार पाने लिहावयाची सवय आहे त्याच्या अंगठ्याला ह्यातील फरक सांगावा लागत नाही.

पण झरणीचा छंद हा खरे पाहता अर्धाच छंद. उरलेला अर्धा शाईचा. माझ्यापाशी एक शाईची वही आहे. बाजारात जी शाई दिसेल तिची लहान बाटली आणावयाची, त्या शाईने वहीत दोन ओळी लिहावयाच्या, दौतीचे नाव व तारीख घालावयाची, आणि दुसऱ्या एका कागदाच्या पट्टीवर त्याच दोन ओळी लिहून त्या पट्टीचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकून ती दक्षिणेकडील खिडकीच्या काचेस चिकटवावयाची. अक्षय्य तृतीयेस लावलेली पट्टी मी दिवाळीस काढतो. तिसरी पट्टी रात्रभर तांब्यातल्या पाण्यात बुडवून ठेवतो. ह्या परीक्षेत कित्येक देखण्या शाया चीत झाल्या आहेत. मोरपिशी, जांभळी, गुलबक्षीच्या फुलासारखी अशा कितीतरी शाया आता मिळतात, आणि त्यांनी लिहिताना डोळ्यांस सुख होते हे मी नाकारीत नाही. पण दिवाळीत झाकण काढून पाहावे तो उघड्या भागातील गुलबक्षी कोठल्या कोठे गेलेली असते. रोजच्या वापरास आमच्या लहानपणापासूनची उंटाच्या छापाची निळी शाई चांगली. दांडेकर बंधूंनी 1931 साली मुंबईस गिरगावात घोडा छापाच्या शाईच्या पुड्या व वड्या करण्यास आरंभ केला, त्यातूनच पुढे हा उंट निघाला, आणि 'कॅमलिन' ह्या नावात तो उंट व ती शाई दोन्ही दडलेली आहेत. वडी पाण्यात विरघळवून दौत भरणे हे शाळकरी मुलांचे दर सोमवारचे काम असे. हात, ओठ, सदरा सगळे निळे होई आणि संध्याकाळी धुतले की जाई.

धुतले की जाई, हाच त्या शाईचा गुण आणि हाच दोष. तो दोष आमच्या घराने फार मोठी किंमत देऊन ओळखला, म्हणून ती हकिगत येथे सांगणे भाग आहे.

आमचे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेच्या हिशेबखात्यात होते. ती रेल्वे मद्रासची खरी. परंतु पुण्याहून मिरज-बेळगावकडे जाणारा मार्गही तिचाच असल्यामुळे पुष्कळ पुणेकर तिच्या नोकरीत असत, आणि बदली झाली म्हणजे एकदम आंध्रात किंवा तामिळ मुलखात जाऊन पडत. 1948 ते 1950 अशी दोन वर्षे अण्णा बेझवाड्यास, म्हणजे आताच्या विजयवाड्यास, होते. आमच्या मातोश्री नारायण पेठेतील घरी. घरात सासूसासरे, दोन दीर, एक नणंद, आणि पाळण्यात मी. काका-आत्या त्यांना वहिनी म्हणत म्हणून आम्ही मुलेही त्यांना वहिनीच म्हणू लागलो, ते अखेरपर्यंत. दर आठवड्यास आजोबांच्या नावे अण्णांचे पत्र येई. ते सर्वांसमोर मोठ्याने वाचले जाई. आणि त्याच पाकिटात चौघडी घातलेली एक वेगळी चिठी असे, ती आजोबा न उघडता देवघराच्या उंबऱ्यावर ठेवीत व खाकरून बाहेर जात. वहिनींच्या लहान पत्र्याच्या ट्रंकेत अशा शंभरांवर चिठ्या होत्या.

12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले. नदीकाठच्या पेठांची त्या दिवशी काय दशा झाली हे पुणेकरांस नव्याने सांगावयास नको. आम्ही सर्वजण वेळीच वरच्या आळीत आप्तांकडे गेलो म्हणून जिवाने वाचलो; पण माजघर आढ्यापर्यंत पाण्यात होते. पाणी ओसरल्यावर चिखलातून ट्रंक काढली, तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो, आणि झाकण उघडताना मी शेजारी उभा होतो. चिठ्या होत्या तशा होत्या. कागद फाटलेसुद्धा नव्हते. फक्त ते सगळे सारखे निळसर झाले होते, आणि त्यांच्यावर एकही अक्षर नव्हते. वहिनींनी ते एकेक करून सोडविले, शेगडीच्या उबेवर परातीत घालून वाळविले आणि पुन्हा ट्रंकेत ठेवले. त्याविषयी त्या काही बोलल्या नाहीत.

त्याच चिखलात आजोबांच्या जमाखर्चाच्या वह्याही सापडल्या. पुठ्ठे सडून गेले होते, शिवण उसवली होती. पण आतील मोडी अक्षर काळेभोर, जसेच्या तसे. सन 1922 सालच्या डाळी-तांदळाचे भाव स्वच्छ वाचता येत होते. आजोबा एवढेच म्हणाले की, ही हिराकसाची शाई आहे, ती पाण्याला भीत नाही. वाण्याचा हिशेब राहिला आणि ह्या चिठ्या गेल्या, हे त्या वयातही मला फार विपरीत वाटले. मला शाईचे वेड लागले ते त्या दिवशी.

हिराकसाच्या शाईची कृती आपल्या घरांतून अपरिचित असू नये, कारण तिच्यातील मुख्य द्रव्य आपण तान्ह्या मुलास चाटवितो. बाळगुटीतील मायफळ तेच हे. ओक जातीच्या झाडावर एक कीटक अंडी घालतो, तेथे गाठ धरते, ती गाठ म्हणजे मायफळ. त्यात टॅनिक आम्ल विपुल असते. मायफळाच्या काढ्यात हिराकस, म्हणजे लोखंडाचा एक क्षार, आणि बाभळीचा डिंक घातला की शाई तयार. मौज अशी की ही शाई दौतीत फिकट असते. कागदावर उतरून तिला हवा लागली म्हणजे तिच्यातील लोखंडाचे रूप पालटते आणि एक काळा, पाण्यात न विरघळणारा पदार्थ कागदाच्या तंतूंत घट्ट बसतो. लिहिताना अक्षर दिसावे म्हणून कारखानदार तिच्यात निळा रंग मिसळतात. म्हणून ती लिहिताना निळी आणि दुसऱ्या दिवशी काळी. 'ब्लू-ब्लॅक' हे नाव ह्यावरून पडले. हल्ली त्या नावाने विकली जाणारी प्रत्येक शाई लोखंडाची असतेच असे नाही. पुष्कळदा तो नुसता रंग असतो. विलायतेत मात्र जन्म-विवाहाच्या सरकारी नोंदवह्यांसाठी अशी लोखंडी शाई दीर्घकाळ सक्तीची होती.

दोष तिलाही आहेत. ती आम्लधर्मी असल्यामुळे पोलादी निब हळूहळू खाते, सोन्याच्या निबेस काही करीत नाही. झरणीत वाळली तर जीभ बुजते. भगिनीवर्गास उपयोगी म्हणून सांगतो: धुवट निळ्या शाईचा डाग थंड पाण्याने व दुधाने निघतो, लोखंडी शाईच्या डागावर दुधाचा काही इलाज चालत नाही, तेथे लिंबू व मीठ चोळून उन्हात ठेवावे लागते, आणि रंगीत लुगडे असेल तर लिंबू लुगड्याचाच रंग नेईल ही भीती असते. जुन्या मराठी दप्तरांतील काजळाची शाई तर ह्या दोहोंहून टिकाऊ, कारण काजळ म्हणजे निव्वळ कोळसा, आणि कोळशाला ऊन-पाणी काही करीत नाही. पण ती झरणीत घातली तर झरणी कायमची बुजलीच म्हणून समजावे. ती बोरूची शाई, बोरूनेच वापरावी.

वहिनी 2004 साली गेल्या. ट्रंक माझ्याकडे आली. धाकट्या बहिणीला बोलावून आम्ही दोघांनी ती उघडली आणि ते निळे कागद एकेक पाहिले. त्यांत एक चिठी अशी निघाली की तिचा वरचा अर्धा भाग इतर कागदांसारखाच कोरा, पण खालच्या अर्ध्यात अक्षर शाबूत! पहिलेच शाबूत वाक्य असे होते की, झरणीतील शाई संपली म्हणून कचेरीतील दौतीतून भरून घेतली आहे, रंग निराळा दिसेल त्याला इलाज नाही. रेल्वेच्या दौतीत ब्लू-ब्लॅक होती. ज्या शाईबद्दल अण्णांनी क्षमा मागितली होती तीच तेवढी उरली.

त्या अर्ध्या चिठीत राजमहेंद्रीची हकिगत होती. रविवारी अण्णा तेथे जाऊन नवी झरणी घेऊन आले होते. दुकानातील कारागिराने त्यांना चार ओळी लिहावयास लावल्या होत्या आणि शब्दांच्या डोक्यावरून अण्णा आडवी रेघ ओढतात हे पाहून त्याला मोठी गंमत वाटली होती, कारण तेलुगू अक्षर गोल, त्याला अशी लांब रेघ नसते. ती रेघ न खरखरता जावी म्हणून त्याने निब घासून दिली. पुढे गोदावरीचे वर्णन. वहिनींचे माहेर नाशिकचे. रामकुंडावरची गोदावरी त्यांच्या नित्य पाहण्यातली. अण्णांनी लिहिले होते की, तुमची नदी इकडे समुद्रासारखी झाली आहे, एकदा येऊन ओळखून पाहा. वहिनींचे तिकडे जाणे कधी झाले नाही. पुढच्या वर्षी अण्णांची बदली परत पुण्याकडे झाली.

ह्यानंतर बहिणीने मला जे सांगितले ते मला ठाऊक नव्हते. शेवटच्या दोन वर्षांत वहिनी रात्री झोप येईना म्हणजे त्या चिठ्या म्हणत असत. वाचत नव्हत, म्हणत. गीतेचा अध्याय म्हणावा तशा. चाळीस-पन्नास तरी त्यांच्या मुखोद्गत होत्या आणि उशापाशी बसणाऱ्या बहिणीच्या कानांवरून त्या कितीदा तरी गेल्या होत्या. आज ती बहात्तर वर्षांची आहे. ती म्हणाली, "दादा, मला अजून तीसेक आठवतात. पण दरवर्षी एखादी गळते." तेव्हा असे ठरले की तिने सांगावे व मी लिहावे. वहीसाठी कागद शिवाजीनगरच्या, 1940 साली स्थापन झालेल्या हातकागद संस्थेतून आणला, चांगली खळ दिलेला, म्हणजे शाई फुटत नाही. शाईची चिंता नव्हती. माझ्या वहीतील परीक्षेत खिडकी आणि तांब्या दोहोंतून निभावलेली एक लोखंडी शाई मी केव्हाच निवडून ठेवली होती. राहिली झरणी. एकवीसांपैकी कोणतीही चालली असती. पण त्या चिठ्या ज्या गावच्या झरणीने लिहिल्या गेल्या त्याच गावच्या झरणीने त्या पुन्हा लिहाव्या, असा हट्ट बहिणीने धरला. आणि खरे सांगावयाचे तर मला तेवढे निमित्त पुरे होते.

कोणार्क एक्सप्रेस संध्याकाळी पुण्याहून निघते आणि सोलापूर, सिकंदराबाद, वरंगळ, विजयवाडा करीत दुसऱ्या दिवशी दुपारी राजमहेंद्रीस पोहोचविते. विजयवाडा गेले की दोहों बाजूंस कालवे, भाताची खाचरे आणि नारळी. ह्या सगळ्या हिरवळीचे मूळ पुढे दवळेश्वरमला आहे. तेथे आर्थर कॉटन नावाच्या इंग्रज इंजिनियराने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास गोदावरीस बंधारा घातला, आणि आलटून पालटून दुष्काळ व महापूर सोसणारा हा मुलूख भाताचे कोठार बनला. परक्या राज्यातील अंमलदारास लोकांनी इतके मनापासून स्मरावे हे दृश्य दुर्मीळ. गोदावरी जिल्ह्यांत कॉटनचे पुतळे जागोजाग आहेत.

कोव्वूर मागे पडले आणि गाडी पुलावर चढली. बहीण खिडकीशी बसली होती. त्र्यंबकेश्वराच्या डोंगरातून निघताना जी नदी ओंजळीत मावते ती येथे सुमारे तीन किलोमीटर रुंद आहे. बाजूलाच जुना हॅवलॉक पूल उभा आहे, 1900 साली वाहतुकीस खुला झालेला, छप्पन्न गाळ्यांचा. 1997 नंतर त्याच्यावरून गाडी जात नाही. अण्णा बेझवाड्याहून आले ते ह्याच पुलावरून, कारण त्या वेळी दुसरा पूल नव्हता. बहिणीने पर्समधून एक रुपयाचे नाणे काढून पाण्यात टाकले. डब्यातील आणखी दोघीतिघींनी तसेच केले. भाषा निराळी, पण नाणे टाकण्याची रीत तीच. आमच्याकडे सिंहस्थ म्हणतात त्याच वेळी इकडे पुष्करम् असते. गुरू सिंह राशीत आला म्हणजे नदीच्या दोन्ही टोकांना एकदमच पर्वणी. 2015 साली तसे झाले होते.

राजमहेंद्रीचे सरकारी नाव आता राजमहेंद्रवरम् असे आहे. चालुक्य राजा राजराज नरेंद्र ह्याच्या पदरी येथे अकराव्या शतकात नन्नय कवी होता, त्याने महाभारत तेलुगूत रचण्यास आरंभ केला, आणि तेलुगू वाङ्मयाची गणना तेथून होते. तेव्हा हे गाव लेखणीचे ते आजकालचे नव्हे. अर्थात नन्नयाच्या काळी शाई दौतीत नसे. ताडपत्रावर लोखंडी कंटकाने अक्षर कोरावयाचे आणि मग त्यावर काजळी चोळून पुसून घ्यावयाचे, म्हणजे ओरखड्यांत बसलेले काजळ तेवढे राहते. तेलुगू अक्षरे गोल का, तर सरळ रेघेने ताडपत्र शिरेवर फाटते म्हणून, असे सांगतात. अण्णांच्या आडव्या रेघेला कारागीर का हसला हे मला येथे उमगले. गावातील दुसरे मोठे नाव कंदुकुरी वीरेशलिंगम् ह्यांचे. कर्वे-रानड्यांच्या परंपरेतील वाचकांस ते परके वाटू नयेत: 1881 साली त्यांनी ह्याच गावात पहिला विधवाविवाह लावून दिला आणि त्यापायी बहिष्कार सोसला.

रत्नम् ह्यांचे दुकान गावाच्या जुन्या भागात आहे. कोसूरी वेंकटरत्नम् हे मूळचे सोनारकाम व कोरीवकाम करणारे. 1921 साली त्यांची महात्माजींशी गाठ पडली आणि सर्वांच्या उपयोगाची एखादी स्वदेशी वस्तू करा, असा त्यांना उपदेश मिळाला, अशी हकिगत सांगतात. ठसे कोरणारा हा माणूस मग झरणीच्या मागे लागला. 1932 च्या सुमारास त्यांचा कारखाना सुरू झाला. त्यांची झरणी अखिल भारत ग्रामोद्योग संघाच्या कुमारप्पांच्या हस्ते गांधीजींकडे पोहोचली, आणि 16 जुलै 1935 रोजी वर्ध्याहून गांधीजींचे उत्तर आले की, आपण ती वापरून पाहिली व बाजारातील परदेशी पेनांना ती चांगला पर्याय दिसते. बेताचेच शब्द; पण हे पत्र त्या कारखान्याचे दैवत होऊन बसले आहे. वर्ध्यास तेव्हा हातकागद आणि बोरू ह्यांचा पुरस्कार चालला होता, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे झरणीला मिळालेल्या त्या प्रमाणपत्राचे मोल अधिक वाटते. शाईच्या बाबतीतही असेच घडले. स्वदेशी शाईची निकड निघाली तेव्हा बंगालमध्ये मैत्र बंधूंनी 1934 साली राजशाहीस 'सुलेखा' काढली; पुढे ती कलकत्त्यास आली, मध्यंतरी बंद पडली आणि आता पुन्हा मिळू लागली आहे. माझ्या वहीत तिची पट्टी आहे.

येथे झरणी कशी होते ते पाहण्यासारखे आहे. एबोनाइट म्हणजे गंधक भरपूर घालून भाजलेले रबर. कठीण, काळे, हाताला किंचित ऊबदार. त्याच्या कांडीचे तुकडे करून लेथवर धरतात, आणि कातारी लाटणे काततो त्याप्रमाणे बाहेरून आकार देतात, आतून पोखरतात, आटे पाडतात. गंधकाचा वास सुटतो. शेवटी झिलई. पोटात रबरी पिशवी नाही, पंप नाही; ड्रॉपरने सरळ पोटात शाई ओतावयाची. त्यामुळे शाई पुष्कळ मावते, पण एक पथ्य पाळावे लागते. पोट अर्धे रिकामे झाले की आतली हवा हाताच्या उबेने फुगते आणि ठिपका पडतो. म्हणून ती अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नये. नव्या प्लॅस्टिकपेक्षा एबोनाइट उष्णता कमी पोहोचू देते, म्हणून ह्या झरण्या त्या मानाने शहाण्या. जागा अरुंद, यंत्रे साधी, मागणी मात्र देशोदेशींची. आपल्या आकाराची झरणी सांगितली तर महिनोन्‌महिने थांबावे लागते. मी आगाऊ कळविले होते म्हणून माझे काम झाले.

पोलादी निब घ्यावी की सोन्याची, हा एक प्रश्न होता. लोखंडी शाई घालावयाची, तेव्हा शास्त्र सोन्याच्या बाजूचे. पण किंमत ऐकून मी पोलादीच घेतली. दर आठवड्यास पाण्याने धुईन, आणि खाल्ली तर बदलीन. ह्या वयात निब आधी झिजते की मी, हे पाहावयाचे आहे. मला चार ओळी लिहावयास सांगितल्या. मी जाणूनबुजून लांब लांब शब्द लिहिले आणि त्यांवरून रेघ ओढली. ती एके ठिकाणी अडखळली. निब काढून घासली, पुन्हा दिली, पुन्हा ओढली. तिसऱ्या वेळी ती लोण्यावरून सुरी जावी तशी गेली. पंचाहत्तर वर्षांनंतरही तीच रेघ, तेच घासणे. झरणीवर नाव कोरून देण्याची तेथे पद्धत आहे. कोणाचे नाव घालावे असे विचारले तेव्हा मी बहिणीकडे पाहिले, आणि तिने 'वहिनी' हे अक्षर देवनागरीत कागदावर लिहून दिले. कोरणाऱ्याने ते चित्रासारखे पाहून पाहून कोरले. त्याने डोक्यावरची रेघ अगदी शेवटी ओढली.

दुपारी बाजारातून पूतरेकुलु आणले. तांदळाच्या पेजेची मडक्याच्या पाठीवर काढलेली पापडी, कागदाहून पातळ, तिच्यात गूळ-तूप घालून घडी करतात. जवळच्या आत्रेयपुरमची ही प्रसिद्ध मिठाई. बहीण म्हणाली, "हा कागद तुझ्या वहीपेक्षा बरा." मी त्यावर शाईची परीक्षा घेतली नाही.

संध्याकाळी पुष्कर घाटावर गेलो. येथे नदीला गौतमी असेही म्हणतात, आणि ते नाव ज्या गौतम ऋषीचे, तो आमच्या त्र्यंबकचाच. पायऱ्यांवर बसून मी झरणी भरली, वही गुडघ्यावर घेतली. बहिणीने डोळे मिटले आणि पहिली चिठी सांगितली, बेझवाड्यास पोहोचल्यावर लिहिलेली: खोली मिळाली, खानावळीत जेवणाला चिंचेचे फार असते, बाळाला दात आले का ते लिहावे. दीड पान झाले. लोखंडी शाई ओली असताना किती फिकट दिसते हे मला ठाऊक होते, तरी दिवे लागल्यावर ते अक्षर पाहून जीव थोडा धास्तावलाच. आरतीची घंटा सुरू झाली तेव्हा वही मिटली.

सकाळी खोलीवर उघडून पाहिले. अक्षर काळे झाले होते. बहिणीने चष्मा लावून सगळे वाचले आणि एका ओळीवर बोट ठेवले. "दादा, इथे 'तुम्ही' नव्हे. चिठीत ते 'तू' लिहीत."

मी बोट ओले करून तो शब्द पुसून पाहिला. पुसला गेला नाही. मग त्याच्यावर एक रेघ मारून वर 'तू' लिहिले.